संशोधक बर्न्ड मॅथियास

ज्यांनीं अखंड प्रयोगांच्या बळावर निसर्गाचें एक गूढ उकलण्याचा यत्न केला, अशा एका शास्त्रज्ञाचा अल्प परिचय आम्ही आमच्या विद्यार्थिवर्गास करून देत आहों.

बर्न्ड मॅथियास यांचा जन्म १९१८ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें झाला. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथें १९४३ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी संपादिली व १९४७ सालीं ते अमेरिकेस गेले. तेथें बेल प्रयोगशाळेंत त्यांचें पुष्कळसें कार्य झालें.

अत्यंत थंड केला असतां पारा विजेस कांहींच विरोध करीत नाहीं, असें हॉलंडांतील कामरलिंग ओनेस यांस १९११ सालीं आढळलें होतें. या गुणास अतिसंवाहकता म्हणतात. तो कोठें सांपडेल, हें आधीं सांगणें कठीण होतें. मॅथियास यांनीं कोऱ्या तर्कापेक्षां भट्टीवर अधिक भरंवसा ठेविला. धातूंचे असंख्य संयोग तयार करून त्यांनीं तपासले. अणूमागें बाहेरचे इलेक्ट्रॉन किती आणि स्फटिकांत अणूंची मांडणी कशी, या दोन गोष्टींवर हा गुण बराच अवलंबून असतो, असें त्यांस दिसून आलें. घनाकृति मांडणी त्यांस विशेष अनुकूल वाटे.

१९५४ सालीं त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस निओबियम व कथील यांच्या संयोगांत हा गुण सांपडला. कथिलांत तो शून्याखालीं सुमारें २६९ अंशांवर व निओबियममध्यें २६४ अंशांवर प्रकट होतो. संयोगांत मात्र २५५ अंशांवरच! या स्फटिकांत कथिलाचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर व मध्यभागीं असतात, आणि निओबियमचे अणू तीन दिशांनीं सरळ रांगा धरितात. या रांगा विस्कटल्या, तर घटक तेच राहूनही गुण क्षीण होतो. अशाच मांडणीचा व्हॅनेडियम व सिलिकॉन यांचा संयोग हार्डी व हल्म यांस पूर्वींच गवसला होता. निओबियम-कथिलाच्या तारांपासून पुढें प्रबळ चुंबकें तयार झालीं.

१९८० सालीं मॅथियास निवर्तले. त्यांच्या नांवावर रूढ झालेल्या नियमांत प्राणवायूचे संयोग टाळावे, असाही एक नियम होता. परंतु १९८६ सालीं, ज्या झुरिकमध्यें ते शिकले त्याच्याच जवळ, बेडनोर्ट्झ व म्युलर यांस तांबें व प्राणवायू असलेल्या संयोगांत हा गुण पूर्वीपेक्षां अधिक उष्णतेवर आढळला. तो नियम ढळला. पण तेथेंही तांबें व प्राणवायू यांच्या अणूंचे थरच महत्त्वाचे ठरले. मांडणीचें महत्त्व अढळ राहिलें.

प्रयोगांतून निघालेला नियम प्रयोगापुढें नमतो, यांत त्याच्या कर्त्याचा कमीपणा नाहीं. विद्यार्थ्यांनीं नियम अवश्य शिकावे. परंतु स्वतः पाहण्याची संवय सोडूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.