तात्या टोपे आणि काडतुसाची गोष्ट



आठवीच्या इतिहासात १८५७ चा लढा येतो. त्यात काडतुसाचा उल्लेख असतो. काडतुसाला गाय आणि डुकराची चरबी लावलेली आहे अशी बातमी पसरली आणि शिपाई चिडले, एवढं सांगून आपण पुढे जातो. मीही कितीतरी वर्षं असंच शिकवलं. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं की काडतूस बंदुकीत घालायचं असतं, मग ते तोंडाला का लावायचं? आमच्या राळेगावच्या मुलांना वर्धा नदीपलीकडचा पुलगावचा दारूगोळा डेपो ऐकून माहीत आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर काडतूस म्हणजे पितळेचं चकचकीत नळकांडं. ते दाताने तोडायचं कसं, हा प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही.

म्हणून या पाठात तात्या टोपे यांचं चरित्र काडतुसाच्या गोष्टीसोबत मांडलं आहे. कारण या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

बालपण

तात्यांचं मूळ नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. जन्म १८१४ च्या सुमारास, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी बाजीरावांना वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन ठरवून कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला पाठवलं. त्यांच्यासोबत पांडुरंगरावांचं कुटुंबही गेलं. तेव्हा तात्या तीन-चार वर्षांचे असतील. आपलं गाव, आपली माणसं सोडून परमुलखात वाढलेलं हे मराठी लेकरू.

टोपे हे नाव कसं पडलं याच्या दोन कथा सांगतात. एक, बाजीरावांनी त्यांना मानाची टोपी दिली. दुसरी, तोफखान्याशी संबंध आला म्हणून तोफेवरून. मुलांना दोन्ही सांगाव्यात, आणि या ऐकीव कथा आहेत हेही सांगावं.

१८५१ मध्ये बाजीराव वारले. दत्तक पुत्र नानासाहेबांना कंपनी सरकारने पेन्शन नाकारली. १८५४ मध्ये आपल्या नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं, झाशीही त्याच वर्षी गेली. असंतोष असा साठत होता. काडतूस ही त्यावर पडलेली ठिणगी.

काडतूस म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याकडे जुन्या माणसांना भरमार किंवा ठासणीची बंदूक माहीत असते. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. कंपनीच्या शिपायांची जुनी बंदूक याच जातीची. ब्राऊन बेस या नावाने ती ओळखली जाई. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी गोल. शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली, तीही तोंडातूनच भरायची. पण तिच्या नळीत आतून तीन पिळदार खाचा होत्या. नळीचं तोंड ०.५७७ इंचाचं. गोळी गोल नव्हती, लांबट होती आणि बुडाशी पोकळ. बार पेटला की तिचं बूड फुगायचं, खाचांना घट्ट बसायचं आणि गोळी गरगर फिरत सरळ जायची. त्यामुळे तीनशे-चारशे यार्डांवरही नेम लागे.

हिचं काडतूस कागदाचं होतं! गुंडाळलेल्या कागदाच्या पुंगळीत एका बाजूला मोजलेली काळी दारू आणि दुसऱ्या बाजूला गोळी. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. ती जळाली की खूप धूर होतो आणि नळीत कीट धरतं. कीट धरलं की पुढची गोळी आत सरकत नाही. म्हणून गोळीकडच्या कागदाला बाहेरून वंगण लावलेलं असे. ती चरबी इथली.

आता दाताचा प्रश्न. शिपायाचा एक हात बंदुकीवर, दुसऱ्या हातात काडतूस. मग कागदाचं टोक फाडायचं कशाने? दाताने. दारू नळीत ओतायची, गोळी कागदासकट ठासायची, मागच्या बाजूला स्फोटक टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. म्हणजे काडतूस तोंडाला लावणं ही कवायतीतली रोजची गोष्ट होती. शिपाई भोळे होते किंवा अफवेला भुलले, असं मुलांना वाटू देऊ नका. वंगणात चरबी वापरली जात होतीच, आणि ती कोणत्या जनावराची याची खात्री कोणी देत नव्हतं. पुढे हाताने फाडण्याची परवानगी मिळाली, पण तोवर विश्वास उडाला होता. मेरठला ८५ स्वारांनी काडतुसं नाकारली ती तर जुन्याच प्रकारची होती. त्यांना बेड्या घातल्या आणि दुसऱ्याच दिवशी, १० मे १८५७ ला मेरठ पेटलं.

रणांगणावर तात्या

तात्या कंपनीचे शिपाई नव्हते. काडतूस दाताने तोडण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते नानासाहेबांचे विश्वासू कारभारी. लष्करी शाळेत न गेलेला हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर सेनापती झाला. जून १८५७ मध्ये कानपूर उठलं. नोव्हेंबरच्या अखेरीस ग्वाल्हेरच्या फौजेला सोबत घेऊन तात्यांनी जनरल विंडहॅमला मागे रेटलं आणि कानपूर शहर घेतलं. पण ६ डिसेंबरला कॅम्पबेलने त्यांचा पराभव केला. खचून न जाता त्यांनी काल्पीला तळ ठोकला, चरखारी जिंकून तोफा आणि पैसा मिळवला.

मग राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीला ते झाशीकडे धावले. १ एप्रिल १८५८ ला बेतवा नदीजवळ लढाई झाली. तात्यांकडे सुमारे वीस हजार माणसं, ह्यू रोजकडे जेमतेम दीड हजार. तरी तात्या हरले. मुलांना इथे हमखास प्रश्न पडतो की असं कसं? कारणं अनेक होती. तात्यांच्या फौजेच्या दोन फळ्या एकमेकींपासून लांब पडल्या, इंग्रजांचे घोडदळ आणि तोफखाना चपळ होते. त्यात हत्यारांचाही मोठा वाटा होता. लढ्यातल्या बहुतेक शिपायांच्या हाती जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या, अनेकांकडे तर तोड्याच्या. स्फोटक टोप्यांचाही तुटवडा असे. समोरच्या गोऱ्या पलटणींकडे एन्फिल्ड होती. जे काडतूस धर्मासाठी नाकारलं, तेच आता दुरून येऊन छातीत बसत होतं. ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा काही वेळ कोणीच बोललं नाही.

काल्पी मे महिन्यात पडली. तिथल्या तळघरात इंग्रजांना सुमारे दहा हजार पौंड, म्हणजे साडेचार हजार किलो दारू आणि तोफा ओतण्याचा कारखाना सापडला. शस्त्रांची तयारी किती मनापासून चालली होती, हे यावरून कळतं. तात्यांनी मात्र तोवर दुसराच डाव टाकला होता. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची फौज त्यांनी आपल्याकडे वळवली आणि १ जूनला ग्वाल्हेर हाती आलं. पण जूनमध्येच राणी धारातीर्थी पडल्या आणि ग्वाल्हेरही गेलं.

आपल्या उंबरठ्यापर्यंत

इथून पुढचे नऊ-दहा महिने म्हणजे तात्यांचा खरा पराक्रम. समोरासमोर टिकाव लागत नाही हे ओळखून त्यांनी गनिमी काव्याची जुनी मराठी वाट धरली. राजस्थान, माळवा, बुंदेलखंड... अनेक इंग्रज तुकड्या मागावर आणि तात्या निसटलेले. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस त्यांनी नर्मदा ओलांडली. दक्षिणेत पेशव्यांचं निशाण उभारावं हा हेतू. ते मुलताईपर्यंत आले. मुलताई म्हणजे आपल्या विदर्भाचा उंबरठाच! पण नागपूरच्या वाटेवर इंग्रज फौज होती, लोकांकडून अपेक्षित साथ मिळाली नाही. तात्यांना पश्चिमेकडे वळावं लागलं.

शेवटी मानसिंग या सोबत्यानेच दगा दिला. ७ एप्रिल १८५९ च्या रात्री पाडौनच्या जंगलात ते झोपेत पकडले गेले. शिवपुरीला लष्करी न्यायालय बसलं. आपण धन्याच्या हुकमाने लढलो, आपण इंग्रजांचे प्रजाजन नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८ एप्रिल १८५९ ला त्यांना फाशी देण्यात आली.

पुढे काय झालं?

लढ्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना एन्फिल्डसारखीच दिसणारी, पण आतल्या खाचा नसलेली बंदूक दिली. मुद्दाम कमी प्रतीची! १८६६ मध्ये मागून भरायची स्नायडर रायफल आली आणि पितळी पत्र्याचं काडतूस सुरू झालं. दाताचं काम संपलं. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. कागदी काडतूस एकदाच वापरता येई, पितळी कवच पुन्हा भरता येतं. संग्रहालयात गेलात तर मुलांना ओळख करून द्या: गोल शिशाची गोळी गुळगुळीत नळीची, लांबट आणि बुडाशी पोकळ असेल तर एन्फिल्डसारख्या रायफलीची, पितळी बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं असतील तर खडकीची.

वर्गातला उपक्रम

जुन्या वर्तमानपत्राची पुंगळी करा. आत दारूऐवजी रांगोळी आणि गोळीऐवजी मातीचा लांबट गोळा ठेवा. एका मुलाने एका हातात काठी उभी धरायची आणि दुसऱ्या हातातली पुंगळी उघडून दाखवायची. दाताशिवाय जमत नाही हे मुलं आपोआप सांगतात. प्रत्यक्ष तोंडाला मात्र लावू देऊ नका, रांगोळी आहे. सोबत येवला ते शिवपुरी हा प्रवास नकाशावर रंगवून घ्या.

पालकांसाठी एक विनंती

शेतात, नदीकाठी किंवा जुन्या वाड्यात काडतूस सापडलं तर मुलांना हात लावू देऊ नका, ठोकू नका, चुलीत टाकू नका. दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटू शकते. जागा लक्षात ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा.

त्या मुलीला पुढच्या आठवड्यात मी हे सगळं सांगितलं. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला: तात्या मुलताईला आले तेव्हा आपल्याकडचे लोक का उठले नाहीत? त्याचा अभ्यास आता चालू आहे.