जमशेटजी वाडिया : सागाचा इंजिनिअर

आमच्या साखरशेतकडे, जव्हारच्या जंगलात, साग म्हणजे घराच्या खांबांचं लाकूड. त्याच सागाच्या प्रचंड युद्धनौका एकेकाळी मुंबईत बनत, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. त्या बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया (१७५४-१८२१).

त्यांचे आजोबा लवजी १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. जमशेटजींकडे कुठली डिग्री नव्हती. घरातल्या मोठ्यांच्या हाताखाली सुतारकाम करत ते शिकले आणि १७९२ साली फ्रामजी माणेकजींसोबत मास्टर बिल्डर झाले.

मित्रांनो, मोठं जहाज म्हणजे पाण्यावरचा बीमच! लाटेचा माथा मधोमध आला की दोन्ही टोकं झुकतात; लाटा टोकांना आल्या की मधला भाग लवतो. असं रात्रंदिवस चालतं आणि सांधे ढिले होतात. लाकूड जास्त घातलं तर तोफा आणि रसद किती नेणार? कमी घातलं तर कणाच मोडायचा. आज हा हिशोब आपण कॉम्प्युटरवर करतो. जमशेटजींचा भरवसा होता लाकडाच्या निवडीवर आणि घट्ट सांध्यांवर. ओकमधलं आम्ल लोखंडी बोल्ट खातं, सागातलं तेल मात्र लोखंड जपतं. म्हणून मलबारचा साग मुंबईत येई.

१८०५ साली त्यांनी 'साल्सेट' पाण्यात सोडली. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. १८०८-०९ च्या हिवाळ्यात ती बाल्टिक समुद्राच्या बर्फात अडकली, पण त्यातूनही वाचली. आतल्या खलाशांचे जीव त्या सांध्यांवरच अवलंबून होते! १८१० साली ७४ तोफांची 'मिंडेन' तयार झाली. ब्रिटिश आरमाराची एवढी मोठी युद्धनौका ब्रिटनबाहेर प्रथमच बांधली गेली होती.

पुढच्या एका नौकेची ड्रॉइंग्ज घेऊन येणारं 'जावा' जहाज १८१२ साली अमेरिकेशी झालेल्या लढाईत गेलं. ड्रॉइंग्ज पुन्हा मागवावी लागली. ती नौका, 'त्रिंकोमाली', १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली. आज दोनशे वर्षांनंतरही ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

आपल्या टेक्स्टबुकात जमशेटजींचं नाव सापडत नाही. तरी फॅक्टर ऑफ सेफ्टी लिहिताना त्यांना जरूर आठवा. तो नुसता मार्कांसाठी लिहायचा आकडा नाही, त्यावर कुणीतरी समुद्रात जाणार असतं.