ज्ञानतंतूंचे अभ्यासक डॉ. काहाल

वेळापूरच्या माळावरून अनवाणी चालताना बाभळीचा काटा पायात मोडला, तर पाय तत्काळ वर उचलला जातो. काटा टाचेत, परंतु त्याची जाणीव मस्तकात! हा निरोप ज्ञानतंतू पोहोचवितात. पण मूल आईच्या उदरात असताना पाठीच्या कण्याजवळील पेशीपासून निघालेला हा तंतू नेमका टाचेपर्यंत कसा गेला? त्यास वाट कोणी दाखविली? या प्रश्नापायी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या सांतियागो रामोन इ काहाल यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेन देशातील पेतिया या खेड्यात झाला. वडील शस्त्रवैद्य होते. गरिबीतून कष्टाने वर आलेले व अत्यंत कडक. मुलास चित्रे काढण्याचे विलक्षण वेड, तर वडिलांच्या मते चित्रकला म्हणजे निव्वळ कालापव्यय. मुलगा खोडकरही होता. अकराव्या वर्षी घरी बनविलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडविल्यामुळे त्यास तुरुंगाची हवा खावी लागली. वळण लागावे म्हणून वडिलांनी त्यास न्हाव्याकडे व चांभाराकडे उमेदवारीस ठेविले. पुढे १८६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलास अस्थींचा अभ्यास करविण्यासाठी स्मशानभूमीत नेले. मुलाने त्या अस्थींची हुबेहूब चित्रे रेखाटली, आणि पितापुत्रांची मने जुळली.

१८७३ मध्ये काहाल वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाले. लष्करी डॉक्टर म्हणून ते क्यूबा बेटात गेले व हिवतापाने खंगून परतले. त्या नोकरीत शिल्लक टाकलेल्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले. १८८७ साली इटालियन शास्त्रज्ञ गोल्जी यांची रीत त्यांच्या पाहण्यात आली. या रीतीने थोड्याच मज्जापेशी काळ्या रंगून स्पष्ट दिसत. काहाल यांनी ती कोंबडीच्या अंड्यातील कोवळ्या गर्भावर वापरली. कारण दाट वनापेक्षा रोपवाटिकेत एकेक रोप वेगळे ओळखू येते.

मज्जातंतूंचे जाळे अखंड आहे, असे त्या काळी पुष्कळ विद्वान मानीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, असे काहाल यांनी १८८८ मध्ये स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकातून दाखविले. त्यांचे लेखन फारसे कोणी वाचीना, तेव्हा १८८९ मध्ये ते स्वतःच बर्लिनच्या परिषदेस गेले आणि थोर शास्त्रज्ञ कोलिकर यांची खात्री पटविली. १८९० मध्ये त्यांनी वाढत्या तंतूच्या टोकाशी असलेल्या सचेतन अंकुराचे वर्णन केले. ज्वारीचे मूळ ओल शोधीत जावे, तसा हा अंकुर पुढे सरकतो. जेथे पोहोचावयाचे तेथूनच एखादे द्रव्य त्यास बोलावीत असावे, असे अनुमान त्यांनी १८९२ मध्ये मांडले. १९०६ मध्ये त्यांस गोल्जी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. गोल्जी यांनी मात्र त्या प्रसंगीही त्यांचे मत मान्य केले नाही.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल निवर्तले, तेव्हा असे द्रव्य कोणाच्या हाती आलेले नव्हते. पुढे रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी या इटालियन विदुषीने, ज्यू म्हणून विद्यापीठाचे दार बंद झाले असता, महायुद्धाच्या काळात निजण्याच्या खोलीतच कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग केले. युद्धानंतर अमेरिकेत त्यांनी व स्टॅन्ली कोहेन यांनी १९५० नंतरच्या दशकात तंतूंची वाढ करविणारे एक द्रव्य शोधून काढले. त्याबद्दल १९८६ मध्ये त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. हे द्रव्य त्वचा अल्प प्रमाणात निर्माण करते. तंतूचे टोक ते ग्रहण करते आणि त्याचा संदेश उलट मूळ पेशीकडे जातो. संदेश मिळालेली पेशी जगते. न मिळालेली मरून जाते. ज्यांच्या पेशींस हा संदेश जन्मतःच घेता येत नाही, अशी काही विरळा मुले आहेत. त्यांस वेदना कळत नाही. काटा रुतला तरी ती चालतच राहतात व जखमा चिघळतात. वेदना हीही ईश्वराची देणगीच होय, हे यावरून ध्यानी यावे.

पालकांस आमची एवढीच विनंती की, मुलाच्या वहीत गणिताऐवजी चित्र दिसले, तर ती वही फेकून देण्यापूर्वी क्षणभर पाहावी. ज्या छंदास पित्याने निरुपयोगी मानले, त्याच छंदाने काहाल यांचा हात मज्जापेशींची चित्रे काढण्यास समर्थ केला. आणि विद्यार्थ्यांनी हे ध्यानी धरावे की, तो छंद फळास आला तो वर्षानुवर्षे यंत्रापाशी बसून केलेल्या श्रमांमुळेच.