अथानासियस : पाच वेळा हद्दपार झालेले बिशप

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात चौथ्या शतकात मोठा वाद पेटला. एरियस हे धर्मगुरू शिकवत, की पुत्र म्हणजे येशू ख्रिस्त देवपित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही. सन 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने निकिया येथे धर्मसभा बोलावली. तरुण अथानासियस आपल्या बिशपांसोबत तिथे गेले होते. पिता व पुत्र एकाच तत्त्वाचे, असं सभेने ठरवलं. वाद मिटला? छे!

328 साली अथानासियस स्वतः बिशप झाले. एरियसला परत घ्या, असा सम्राटाचा आग्रह, हे ऐकेनात. शेवटी राजधानीचं धान्य अडवण्याची धमकी दिल्याचा आरोप ठेवून त्यांना दूर ट्रियरला धाडलं. पुढे काही जण एकाच तत्त्वाऐवजी सारख्या तत्त्वाचे म्हणू लागले. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत फक्त एका अक्षराचा फरक! (एक वेलांटी चुकली तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारता ना?)

पाच वेळा हद्दपारी, मिळून सुमारे 17 वर्षं. 356 मध्ये सैनिक चर्चमध्ये घुसले, तेव्हा ते निसटले आणि वाळवंटातल्या संन्याशांनी त्यांना लपवलं. तिथेही लेखन चालूच होतं. 373 मध्ये ते आपल्याच शहरात वारले. निकियाचा निर्णय 381 च्या सभेत पक्का झाला, तेव्हा त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती.