ट्रॅक्टरच्या कपलरमध्ये अडकलेलं प्रेशर आणि ब्लेझ पास्कल नावाचा माणूस

पलटी नांगर दिवसभर उन्हात उभा असेल, तर त्याचा हायड्रॉलिक पाइप ट्रॅक्टरला जोडताना काय होतं, हे आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. पाइपाचं टोक कपलरमध्ये बसतच नाही. दोन्ही हातांनी दाबा, अंगाचा भार टाका, टोक मागेच येतं. मग कोणीतरी हातोडी शोधायला लागतं.

मी राहुरी तालुक्यातला, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पास्कल हे नाव शाळेत दाबाचं एकक म्हणून पाठ केलं आणि इंजिनिअरिंगला एका जुन्या प्रोग्रामिंग लँग्वेजचं नाव म्हणून ऐकलं. पण तो माणूस कोण होता, हे मी कपलरच्या नादात शोधलं. आज त्याचीच गोष्ट सांगतो. हातोडी का नको, हेही त्यातूनच कळेल.

गणितापासून लांब ठेवलेला मुलगा

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावात झाला. तेव्हा आपल्याकडे निजामशाहीचा कारभार मलिक अंबर बघत होता आणि नगरजवळची भातवडीची लढाई पुढच्याच वर्षी होणार होती.

ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन हे सरकारी अधिकारी होते, त्यांनी मुलांना घरीच शिकवलं. आधी भाषा पक्क्या होऊ देत म्हणून त्यांनी गणित मुद्दाम दूर ठेवलं. पण बहिणीने लिहून ठेवलंय त्याप्रमाणे, बाराव्या वर्षी हा पठ्ठ्या एकटाच भूमितीच्या आकृत्या काढत बसलेला सापडला. मग वडिलांनीच हार मानली. सोळाव्या वर्षी त्याने शंकुछेदांवर निबंध लिहिला.

पुढे वडिलांची रुआँ शहरात करवसुलीच्या कामावर नेमणूक झाली. रात्र रात्र बेरजा-वजाबाक्या चालायच्या. ते बघून १६४२ मध्ये, वय वर्षं १९, ब्लेझने दातेरी चाकांचं गणितयंत्र बनवायला घेतलं. एक चाक नवावरून शून्यावर आलं की पुढचं चाक आपोआप एक घर सरकायचं. म्हणजे हातचा यंत्रच घ्यायचं! पन्नासेक नमुने करून झाल्यावर ते मनासारखं चालायला लागलं. पण ते महाग होतं, त्यामुळे फारसं विकलं गेलं नाही. १९७० मध्ये निकलाउस विर्थ यांनी आपल्या प्रोग्रामिंग लँग्वेजला पास्कल नाव दिलं, ते त्याच्याच आठवणीत.

डोंगरावर नेलेला पारा

त्या काळात एक मोठा वाद होता. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तर पारा थोडा उतरतो आणि एका उंचीवर थांबतो. त्याला वर कोण धरून ठेवतं? पास्कलचं म्हणणं, बाहेरची हवा. तसं असेल तर डोंगरावर हवेचा थर कमी, म्हणून पारा आणखी उतरायला हवा.

पास्कलची तब्येत कायम नाजूक. त्यामुळे १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याचे मेहुणे फ्लोराँ पेरिए नळी घेऊन प्युई द डोम डोंगर चढले. हा डोंगर साधारण १,४६५ मीटर, म्हणजे आपल्या अकोले तालुक्यातल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) थोडा बुटका. वर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला. खाली गावात दुसरी नळी ठेवली होती, तिच्यावर दिवसभर एक जण नजर ठेवून होता. ती मात्र हलली नाही. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असेल तर कळसूबाई चढताना हाच प्रयोग तुम्हीही करू शकता. आकडा हेक्टोपास्कलमध्येच दिसेल.

एक माणूस आणि शंभर माणसं

१६५३-५४ च्या सुमारास पास्कलने द्रवांवर ग्रंथ लिहिला. त्यातली कल्पना अशी: पाण्याने भरलेलं बंद भांडं घ्या. त्याला दोन तोंडं, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं, आणि दोन्हींत दट्टे. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल, तर तो मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांच्या जोराची बरोबरी करेल. कारण बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. ट्रॅक्टरचा छोटासा पंप मुरमाने भरलेली डंपिंग ट्रॉली उचलतो, तो याच हिशेबावर.

१६५४ मध्ये त्याने फर्माशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला खोल धार्मिक अनुभव आला. त्याची नोंद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली, ती मरणानंतरच सापडली. पुढे त्याचं बरंचसं लेखन धर्मावरच झालं. तरी मार्च १६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू करण्यात तो पुढे होता. आजच्या सिटी बसचीच ती आजी. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला. द्रवांवरचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने त्या तत्त्वावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, आणि १९७१ मध्ये दाबाच्या एककाला पास्कलचं नाव मिळालं.

आता आपला कपलर

पाइप काढला की टोकातली झडप बंद होते आणि तेल पाइपात कोंडलं जातं. औजाराचं वजन सिलिंडरवर असतानाच पाइप काढला, तर तो दाबही आत राहतो. त्यात ऊन लागलं की तेल फुगतं, पण जायला जागा नसते. समजा आत ५० बार दाब साचला आणि टोकातली झडप १ चौरस सेंटिमीटरची आहे. म्हणजे तुम्ही सुमारे ५० किलोशी झुंजताय. चालू कामात तर ट्रॅक्टरमध्ये १५० ते २०० बार दाब असू शकतो. बाइकच्या टायरमध्ये असतो फक्त दोनेक बार!

पाइप काढण्याआधी एवढं करा:

१. ट्रॉली पूर्ण खाली घ्या, नांगर जमिनीवर नीट टेकवा.
२. इंजिन बंद करा.
३. पाइप ज्या लिव्हरवर चालतो तो दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा हलवा. फ्लोट असेल तर त्यात ठेवा. कोंडलेलं तेल टाकीत परत जातं. इलेक्ट्रिक लिव्हर असेल तर मॅन्युअल बघा.
४. मग पाइप काढा, टोपण लावा आणि टोक सावलीत ठेवा.

टोक आधीच अडकलं असेल तर इंजिन बंद ठेवून लिव्हर हलवा, म्हणजे ट्रॅक्टरच्या बाजूचं प्रेशर जाईल. औजाराच्या बाजूचा पाइप सावलीत थंड होऊ द्या. तरी नाहीच बसलं, तर प्रेशर सोडायचं टूल असलेल्या मेस्त्रीला बोलवा. झडपेवर हातोडी किंवा खिळा मारू नका. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा.

कारण दाबाखालचं तेल बारीक धारेने कातडीच्या आत शिरतं. जखम सुई टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही. पण आतून हात सडू शकतो, बोट कापायची वेळ येते. असं झालं तर घरगुती उपाय नकोत. लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि प्रेशरचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

तुमच्या घरी पाइप जोडायचं काम जो करतो, त्याला हा लेख आजच पाठवा.