पगडीपासून खादीच्या टोपीपर्यंत : रायपूरच्या माधवराव सप्रे यांचा काळ

रायपूर : पुरुषांचा पेहराव बदलतो तो केवळ शिंप्याच्या कात्रीने नव्हे. कधी तो रेल्वेने बदलतो, कधी करआकारणीने, तर कधी वर्तमानपत्रातील एखाद्या लेखमालेने. छत्तीसगडमधील हा बदल समजून घ्यायचा तर पंडित माधवराव सप्रे यांच्या चरित्राकडे वळावे लागते. मराठी कुटुंबात जन्मलेल्या या पत्रकाराने आयुष्यभर हिंदीची सेवा केली आणि अंगावरचे वस्त्र हा देशाच्या अर्थकारणाचा प्रश्न आहे, हे हिंदी वाचकाला समजावून सांगितले.

सप्रे यांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. बिंबाजी भोसले यांनी 1758 मध्ये रतनपूरची गादी सांभाळल्यापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थिरावली होती. त्यांच्याबरोबर पगडी, अंगरखा, उपरणे आणि लांब धोतरही येथे आले. स्थानिक शेतकऱ्याचा वेष मात्र गुडघ्यापर्यंतचा पंछा आणि अंगात बंडी एवढाच. पूजेअर्चेला कोसा रेशमाचे वस्त्र. ते विणणारे कोष्टी याच मुलखातले. डोईवर काय आहे आणि धोतर कुठवर पोचते, एवढ्यावरून त्या काळी माणसाची जात, हुद्दा आणि ऐपत ओळखता येई.

1880 च्या दशकात नागपूरकडून रेल्वे आली आणि चित्र पालटले. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला आणि मँचेस्टरची पातळ, पांढरीशुभ्र धोतरे त्याच मार्गाने बाजारात परतू लागली. देशी गिरण्या नव्हत्या असे नाही. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती. राजनांदगावातही शतक संपण्यापूर्वी गिरणी उभी राहिली. परंतु 1896 मध्ये सरकारने भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला. लँकेशायरच्या मालाला स्पर्धा होऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड होता.

पदवी मिळाल्यानंतर सप्रे यांनी सरकारी नोकरीची वाट धरली नाही. पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून मिळणाऱ्या वेतनातून शिल्लक टाकून त्यांनी जानेवारी 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर संपादनात सोबतीला होते, तर रायपूरचे वामन बळीराम लाखे प्रकाशक. तीन वर्षांत पैशाअभावी मासिक बंद पडले. 1901 मध्ये त्यात छापलेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही सप्रे यांची कथा हिंदीतील आरंभीच्या लघुकथांत आजही अग्रक्रमाने गणली जाते.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट उसळली. सप्रे यांनी लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'तील विचारांच्या आधारे 'स्वदेशी आंदोलन और बॉयकाट' हे पुस्तक लिहिले. विलायती कापड सोडणे हा केवळ भावनेचा विषय नसून कारागिराच्या पोटाचा आणि देशाबाहेर जाणाऱ्या पैशाचा प्रश्न आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जाडेभरडे देशी धोतर नेसणे हे आतापर्यंत गरिबीचे लक्षण होते. सुशिक्षित घरांत ते आता अभिमानाने नेसले जाऊ लागले. सरकारला हे पुस्तक रुचले नाही आणि ते जप्त झाले.

1907 मध्ये नागपुरात 'हिंदी केसरी' सुरू झाला आणि 22 ऑगस्ट 1908 रोजी सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. थोरल्या भावाच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे ते नमले, माफीपत्रावर स्वाक्षरी केली आणि सुटले. ही सुटका त्यांना कारावासापेक्षा जड गेली. त्यांनी सार्वजनिक जीवन सोडले, रामदासी संप्रदायाचा आश्रय घेतला आणि मधुकरी मागून दिवस काढले. दुसऱ्यांना वस्त्राच्या त्यागाचे महत्त्व सांगणाऱ्या संपादकाने स्वतः मात्र प्रतिष्ठाच उतरवून ठेवली. चरित्रकार या माफीवर घाईने पुढे सरकतात. वास्तविक त्यांचे पुढचे सारे कार्य या प्रायश्चित्तातूनच उभे राहिले. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आले ते त्यांच्याच लेखणीतून. रायपूरला मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळाही त्यांनी काढली.

1920 मध्ये त्यांच्या प्रेरणेने जबलपूरहून 'कर्मवीर' निघू लागला. माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक झाले. त्याच वर्षी डिसेंबरात महात्मा गांधी रायपूरला आले आणि पाठोपाठ नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव केला. लाखे यांनी सरकारी किताब परत केला. कचेरीतील पगडी-फेट्यांच्या जागी पांढरी खादी टोपी दिसू लागली. वकील, शिक्षक आणि शेतकरी प्रथमच एकाच पद्धतीचे वस्त्र डोक्यावर घेत होते. हुद्दा दाखवणारे शिरोभूषण जाऊन मत दाखवणारे आले. रायपूरच्या राष्ट्रीय विद्यालयाच्या उभारणीतही सप्रे यांचा वाटा होता. 1924 मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले.

भारतीय गिरण्यांच्या कापडावरील तो कर अखेर डिसेंबर 1925 मध्ये स्थगित झाला. त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी, 23 एप्रिल 1926 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी माधवराव सप्रे यांचे रायपूर येथे निधन झाले.