कित्तूरच्या राणी चन्नम्मा

बेळगावहून पुण्याकडे निघालात की काकती लागते आणि धारवाडकडे निघालात की कित्तूर. राणी चन्नम्मांचे माहेर व सासर असे एकाच राजरस्त्यावर आहे. काकतीच्या देसाई घराण्यात १७७८ साली त्यांचा जन्म झाला. पती मल्लसर्ज देसाई पेशव्यांच्या कैदेत खंगून १८१६ साली निवर्तले. सवतीचे पुत्र शिवलिंगरुद्रसर्ज गादीवर आले, तेही ११ सप्टेंबर १८२४ रोजी निपुत्रिक गेले.

त्यांच्या नावे शिवलिंगप्पा हा मुलगा दत्तक घेतला होता. धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांनी ते दत्तविधान अमान्य करून खजिन्यावर पहारे बसविले. (पुष्कळजण येथे डलहौसीचे नाव घेतात, तो गव्हर्नर जनरल झाला १८४८ साली. कंपनीची हाव त्याच्याहून जुनी!)

२३ ऑक्टोबरला थॅकरे तोफा घेऊन आले, तेव्हा किल्ल्याचे दरवाजे बंद होते. ते एकाएकी उघडले आणि सरदार गुरुसिद्दप्पांचे सैनिक लोंढ्यासारखे बाहेर पडले. थॅकरे ठार झाले. एलिएट आणि स्टीव्हन्सन हे दोन अधिकारी हाती सापडले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. शत्रूची माणसे मुठीत असता राणींनी त्यांच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. कमिशनर चॅप्लिन यांच्याशी बोलणी चालली. आधी ओलीस सोडा, हा त्यांचा आग्रह. डिसेंबरच्या आरंभी राणींनी दोघांना सुखरूप सोडले. लगेच किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या.

त्यांना सोडले नसते तर, असे तरुण मंडळी विचारतात. चारी दिशांनी पलटणी आधीच जमल्या होत्या. दोन जीव घेऊन त्या माघारी वळल्या असत्या, असे मला वाटत नाही. तह होईल या आशेने राणींनी दिलेला शब्द पाळला, त्यास भोळेपणा म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

या लढाईत सोलापूरचे सबकलेक्टर मन्रो यांनाही प्राण गमवावे लागले, परंतु ५ डिसेंबरला किल्ला पडला. राणींना बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथेच फेब्रुवारी १८२९ मध्ये त्या लिंगैक्य झाल्या; समाधीही तेथेच आहे. त्यानंतर त्यांच्या सैन्यातील संगोळ्ळी रायण्णांनी त्याच दत्तक शिवलिंगप्पांच्या नावाने बंड उभारले. १८३१ साली कंपनीने त्यांना खानापूरजवळच्या नंदगडला फाशी दिले.